‘सुटला’ म्हणजे नेमके काय झाले? मद्यपी चालकावरील खटल्याचा निकाल कोकणात कसा शोधावा

माझे एक चुलते ३१ डिसेंबर २०१९ च्या रात्री भजन आटोपून घरी चालत येत होते. मागून आलेल्या दुचाकीने त्यांना उडवले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. चालक दारू प्यायलेला होता. पोलिसांनी त्याच्या रक्ताचा नमुना घेतला, गुन्हा दाखल झाला, मग टाळेबंदी आली आणि प्रकरण सगळ्यांच्या नजरेआड गेले. पुढे गावात एकच वाक्य फिरत राहिले : “तो सुटला.” कोणत्या न्यायालयातून, कोणत्या तारखेला, कोणत्या कलमातून, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. निकाल शोधण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्यात मी इतके हेलपाटे घातले की रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडात असाच शोध घेणाऱ्यांसाठी ही वाट नीट लिहून ठेवावी असे वाटले.

पहिली शंका अधिकाराची असते. दुसऱ्याच्या खटल्याची चौकशी आपण करू शकतो का? करू शकतो. फौजदारी खटले उघड न्यायालयात चालतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये असलेले हे तत्त्व आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये आहे. त्यामुळे निकाल काय लागला हे जाणून घेण्यासाठी आरोपीची परवानगी लागत नाही. चालक अठरा वर्षांखालील असेल तर मात्र प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते, आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार त्याची ओळख उघड करता येत नाही. तेथे हा शोध थांबवावा.

आरोप नेमका कोणता, हे आधी ठरवा

‘दारू पिऊन गाडी चालवली’ असे आपण म्हणतो, पण कागदावर त्याची दोन-तीन रूपे असतात आणि त्यांवरून पुढचा मार्ग बदलतो. मूळ तरतूद मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ ची. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश श्वास-चाचणीत किंवा प्रयोगशाळेच्या चाचणीत आढळला तर हे कलम लागते. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढच्या अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने ठरली आहे.

यातली कामाची गोष्ट अशी की कलम १८५ चा अपराध तडजोड शुल्क भरून जागच्या जागी मिटवता येत नाही. तडजोडीची कलमे अधिनियमाच्या कलम २०० मध्ये दिलेली आहेत आणि त्यांत १८५ नाही. म्हणून “त्याने चलन भरले आणि विषय संपला” असे कोणी सांगितले तर ते हेल्मेटचे किंवा कागदपत्रांचे चलन असणार. ई-चलनाच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून मद्यपानाच्या खटल्याचा निकाल शोधत बसू नये.

अपघात झाला असेल तर कलम १८५ सोबत इतर कलमे येतात. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेची २७९ (बेदरकारपणे वाहन चालवणे), ३३७ आणि ३३८ (दुखापत) आणि ३०४-अ (निष्काळजीपणे मृत्यूस कारण होणे) ही कलमे दिसतील. त्यानंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहितेची अनुक्रमे २८१, १२५ आणि १०६ ही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ चे कलम ८५ देखील काही वेळा लावलेले असते. ही यादी हाताशी असू द्यावी, कारण निकाल प्रत्येक कलमाचा वेगळा लागू शकतो.

नाव नको, नंबर शोधा

मी पहिल्यांदा न्यायालयाच्या खिडकीशी गेलो तेव्हा आरोपीचे नाव, गाव, वाडी, वडिलांचे नाव, सगळे एका दमात सांगितले. आतले वयस्कर लिपिक फाइलींना लाल फीत बांधता बांधता म्हणाले, “नाव नको, नंबर सांगा.” तेव्हा राग आला होता, आता वाटते की या सगळ्या विषयातले सर्वांत उपयोगाचे चार शब्द तेच होते. पोलीस ठाणे गुन्हा ओळखते तो गुन्हा रजिस्टर क्रमांकावरून, म्हणजे गु.र.नं. वरून. न्यायालय ओळखते खटला क्रमांकावरून, ई-कोर्ट्सची (न्यायालयांची ऑनलाइन) यंत्रणा सीएनआर क्रमांकावरून, म्हणजे प्रत्येक खटल्याच्या स्वतंत्र संगणकीय क्रमांकावरून, आणि परिवहन कार्यालय लायसन्सवरून. एका कार्यालयाचा क्रमांक दुसऱ्याला सांगितला की तेथले माणूस आपल्याकडे नुसते पाहत राहते. आपले काम गु.र.नं. पासून सुरुवात करून एकेक क्रमांक जोडत निकालापर्यंत जाण्याचे असते.

गु.र.नं. मिळवण्याचे मार्ग असे. अपघातात जखमी झालेली व्यक्ती किंवा फिर्यादी तुमच्या घरातली असेल तर प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत घरातच कुठेतरी असेल. फिर्यादीला आणि पीडिताला ती विनामूल्य मिळते. विम्याच्या कागदांत, रुग्णालयाच्या फाइलीत, पंचनाम्याच्या झेरॉक्सच्या डोक्यावर हा क्रमांक हमखास सापडतो. घरात काहीच नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रसिद्ध एफआयआर’ या विभागात जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखांचा टप्पा देऊन पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेल्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळता खबरी अहवाल संकेतस्थळावर टाकले जातात. स्थानिक वर्तमानपत्रातली त्या दिवसांची छोटी बातमीही उपयोगी पडते, कारण कोकणातल्या आवृत्त्या पोलीस ठाण्याचे नाव बहुधा चुकवत नाहीत.

नुसत्या नाकाबंदीत पकडलेल्या, अपघात न केलेल्या चालकाच्या बाबतीत अनेकदा खबरी अहवाल नोंदलाच जात नाही. वाहतूक शाखा थेट न्यायालयात खटला पाठवते. तेव्हा गु.र.नं. शोधण्यात दिवस घालवू नयेत. घटनेची तारीख, ठिकाण आणि वाहन क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यातल्या कोर्ट पैरवीच्या अंमलदाराला भेटावे. कोणता खटला कोणत्या तारखेला न्यायालयात गेला याची नोंद त्याच्याकडे असते. तो रोज न्यायालयात ये-जा करतो आणि त्याला अर्ध्याहून अधिक क्रमांक तोंडपाठ असतात. ठाणे अंमलदाराशी वाद घालण्यापेक्षा पैरवीवाल्याशी पाच मिनिटे नीट बोलणे कधीही फायद्याचे.

न्यायालय कोणते

असे खटले प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतात, आणि ते न्यायालय घटना घडली त्या ठिकाणावरून ठरते. चालक कोठला आणि गाडीची पासिंग कोठली, याचा संबंध नसतो. एमएच-०८ ही रत्नागिरीची गाडी तारकर्लीला पकडली गेली तर प्रकरण मालवण न्यायालयात जाईल. मुंबईहून सुटीला आलेला चालक मुंबई-गोवा महामार्गावर संगमेश्वर हद्दीत पकडला गेला तर देवरुखला चौकशी करावी, कारण संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय आणि न्यायालय देवरुखात आहे. सिंधुदुर्गात जिल्हा न्यायालय ओरोसला असले तरी कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, वेंगुर्ले, देवगड येथली न्यायालये वेगळी आहेत. ओरोसला जाऊन सावंतवाडीची फाइल मागितली तर एस.टी.चे भाडे तेवढे फुकट जाते. रायगडात पेण, माणगाव, महाड, रोहा, श्रीवर्धन, मुरूड अशी विभागणी आहे. कशेडीसारख्या घाटात तर घटना कोणत्या जिल्ह्याच्या हद्दीत झाली हेच आधी तपासावे लागते.

ई-कोर्ट्सवर शोध

पोलीस ठाणे, गु.र.नं. आणि न्यायालय एवढे हाती आले की ई-कोर्ट्स सेवेचे संकेतस्थळ किंवा मोबाइल अॅप उघडावे. राज्य, जिल्हा आणि न्यायालय-संकुल निवडल्यावर शोधाचे अनेक पर्याय दिसतात : पक्षकाराचे नाव, खटला क्रमांक, एफआयआर क्रमांक, वकिलाचे नाव वगैरे. यांतला एफआयआर क्रमांकाचा पर्याय घ्यावा, पोलीस ठाणे निवडावे, क्रमांक आणि वर्ष टाकावे आणि ‘प्रलंबित’ व ‘निकाली’ दोन्ही पाहावेत. बहुतेक लोक केवळ प्रलंबित पाहून “असा खटलाच नाही” असे ठरवून मोकळे होतात.

मी अडकलो ते वर्षापाशी. अपघात २०१९ चा, म्हणून मी सगळीकडे २०१९ टाकत राहिलो. प्रत्यक्षात गुन्हा मध्यरात्रीनंतर नोंदला गेला, म्हणून गु.र.नं. २०२० चा होता. आणि दोषारोपपत्र टाळेबंदीमुळे रखडून पुढच्या वर्षी दाखल झाले, म्हणून खटला क्रमांक २०२१ चा. एकाच अपघाताला तीन वर्षे चिकटली होती. तीन आठवडे मी फाइल दाबली गेली असे समजून चालत होतो आणि तसे चार लोकांना बोललोही, याची आज लाज वाटते. नोंदणीचे वर्ष म्हणजे न्यायालयात खटला दाखल झाल्याचे वर्ष, हे ध्यानात ठेवून घटनेनंतरची निदान दोन-तीन वर्षे तपासावीत.

नावानेच शोधायची वेळ आली तर इंग्रजी स्पेलिंगचा घोळ गृहीत धरावा. एकच गावडे आडनाव चार कारकुनांनी चार प्रकारे टाईप केलेले असते. म्हणून पूर्ण नावाऐवजी आडनावाची किंवा नावाची पहिली काही अक्षरे टाकून यादी मिळवावी, आणि फिर्यादीच्या बाजूला ‘महाराष्ट्र शासन’ व संबंधित पोलीस ठाणे आहे का ते पाहावे. वाडीत एकाच नावाचे तीन लोक असणे आपल्याकडे नवलाचे नाही. वडिलांचे नाव, पोलीस ठाणे आणि कलम १८५ हे तिन्ही जुळल्याखेरीज ‘हाच तो’ असे म्हणू नये. कोणाच्या स्थळाची किंवा नोकरीला ठेवायच्या ड्रायव्हरची चौकशी करत असाल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण चूक झाली तर नुकसान भलत्याच माणसाचे होते.

खटला सापडला की त्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक प्रथम वहीत उतरवून घ्यावा. महाराष्ट्रातला हा क्रमांक एमएच ने सुरू होतो आणि पुढच्या वेळी एवढ्यावरच थेट पान उघडते. खटला क्रमांकाआधी ‘एस.सी.सी.’ असेल तर तो संक्षिप्त फौजदारी खटला, ‘आर.सी.सी.’ असेल तर नियमित. केवळ कलम १८५ चे प्रकरण बहुधा पहिल्या गटात आणि जबर दुखापतीचे किंवा मृत्यूचे दुसऱ्या गटात सापडते.

‘निकाली’ हा निकाल नव्हे

पानावर ‘डिस्पोज्ड’ असे दिसले की माणूस हुश्श करतो, पण त्याचा अर्थ एवढाच की फाइल त्या न्यायालयापुरती बंद झाली. ती कशी बंद झाली हे ‘निकालाचे स्वरूप’ या रकान्यात आणि शेवटच्या तारखेच्या रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, असते. खटल्याच्या इतिहासात प्रत्येक तारखेवर क्लिक केले की त्या दिवशी काय घडले याच्या एक-दोन ओळी दिसतात; न्यायनिर्णय चढवलेला असेल तर आदेशांच्या यादीत त्याची पीडीएफ मिळते.

आरोपीने गुन्हा कबूल केला असेल तर पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच प्रकरण संपलेले दिसेल. नुसत्या नाकाबंदीच्या प्रकरणात असे वारंवार होते, आणि तेव्हा लांबलचक निकालपत्राची अपेक्षा करू नये. सारे काही रोजनाम्याच्या दोन ओळींत असते. ‘न्यायालय उठेपर्यंत साधी कैद व दंड, दंड न भरल्यास अमुक दिवसांची साधी कैद’ अशी भाषा तेथे आढळते. संध्याकाळी माणूस घरी परत येतो, गावाला वाटते सुटला. पण कायद्याच्या दृष्टीने तो दोषी ठरलेला असतो आणि पुढच्या वेळी पकडला गेला तर हाच निकाल त्याच्या आड येतो.

‘निर्दोष मुक्तता’ म्हणजे साक्षीपुरावा होऊन आरोप सिद्ध झाला नाही. ‘दोषमुक्त’ किंवा ‘आरोपमुक्त’ म्हणजे खटला चालवण्याइतका आधारच न दिसल्याने सुरुवातीला सोडून दिले. आरोपी मरण पावल्याने खटला संपणे, सरकार पक्षाने तो मागे घेणे, आरोपी सापडत नसल्याने फाइल सुप्त यादीत जाणे, या तिन्ही गोष्टींत दोषी की निर्दोष याचा पुराव्यावरून निर्णय झालेलाच नसतो. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले असेल तर मात्र दोष सिद्ध झालेला असतो, फक्त शिक्षा तेव्हा दिलेली नसते.

माझ्या चुलत्यांच्या प्रकरणात आदेशाचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. कलम २७९ आणि ३३८ मधून आरोपीची निर्दोष मुक्तता झाली होती, कारण गाडी बेदरकारपणे चालवल्याचे पाहणारा साक्षीदार नव्हता. आणि कलम १८५ खाली तो दोषी ठरून दंड झाला होता, कारण रक्ताचा रासायनिक विश्लेषण अहवाल त्याच्या विरुद्ध होता. गाव म्हणत होते ते अर्धे खरे होते. म्हणून निकाल वाचताना प्रत्येक कलमासमोर स्वतः लिहून काढावे : दोषी, निर्दोष, की उल्लेखच नाही.

नक्कल काढणे

संकेतस्थळावरचा मजकूर माहितीपुरता असतो. विमा कंपनी, नोकरी देणारी संस्था किंवा दुसरे न्यायालय यांच्यासमोर ठेवायचा असेल तर सही-शिक्क्याची नक्कल लागते. त्यासाठी ज्या न्यायालयाने निकाल दिला तेथल्या नक्कल विभागात अर्ज करावा. सकाळी पुकारे चालू असताना कोणाला बोलायला उसंत नसते. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, हलका झाल्यावर जावे. बरीचशी पूर्वतयारी न्यायालयातल्या ई-सेवा केंद्रात विनासायास होते.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ नुसार आरोपीला आणि निकालाने बाधित झालेल्या व्यक्तीला प्रत मिळण्याची तरतूद आहे. त्रयस्थाला ती उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे, कारण दाखवून मिळते. म्हणून कारण मोघम लिहू नये. ‘माहितीसाठी’ असे लिहिलेला अर्ज परत येण्याची शक्यता असते. मी लिहिले होते ते असे : “सदर प्रकरणातील जखमी इसम माझे चुलते असून मोटार अपघात नुकसानभरपाईच्या कामी न्यायनिर्णयाची प्रमाणित प्रत आवश्यक आहे.” सोबत खटला क्रमांक, पक्षकार, निकालाची तारीख, हवे असलेले कागद, स्वतःचे ओळखपत्र आणि न्यायालय शुल्काचे तिकीट. एवढे स्पष्ट असले की हरकत घ्यायला जागा राहत नाही.

नुकसानभरपाईचा विषय निघालाच आहे तर सांगतो : मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आहे. फौजदारी निकालाची वाट पाहत हा दावा थांबवू नये. लगेच वकील गाठावा, आणि परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे.

माहितीच्या अधिकाराचा मार्ग पुष्कळांना सुचतो. न्यायालयीन कागदांसाठी तो चालत नाही : नकलांसाठी न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच अर्ज करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० च्या निर्णयात म्हटले आहे.

काहीच सापडत नसेल तर

रक्ताचा अहवाल आलेला नसेल तर बहुधा दोषारोपपत्रच गेलेले नसते. फिर्यादी किंवा पीडित या नात्याने तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवून घेण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ ने दिलेला आहे. तो लेखी अर्जात नमूद करून पोलीस ठाण्यात पोच घ्यावी. पहिल्यांदाच केलेल्या, निव्वळ कलम १८५ च्या अपराधाची न्यायालयाने दखल घेण्याला साधारणपणे एका वर्षाची मुदत आहे. वर्ष उलटूनही खटला दिसत नसेल तर पैरवी अंमलदाराला हाच प्रश्न नेमका विचारावा.

लायसन्सची गोष्ट वेगळी ठेवावी. “त्याचे लायसन्स तीन महिने काढून घेतले, म्हणजे शिक्षा झाली” असे म्हणणारे भेटतात. पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवतात आणि ते कार्यालय आपल्या अधिकारात पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवते. ही प्रशासकीय कारवाई आहे. न्यायालयाचा निकाल त्याआधी लागेल, नंतर लागेल किंवा उलटाही लागेल.

निकाल हाती आला की तो अंतिम आहे का हे पाहायचे राहते. दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपिलाला तीस दिवस असतात, त्यामुळे निकालानंतर दीड-दोन महिन्यांनी त्याच आरोपीच्या नावाने जिल्हा व सत्र न्यायालयाच्या यादीत पुन्हा शोध घ्यावा. अपिलाला वेगळा क्रमांक आणि वेगळा सीएनआर असतो, आणि खालच्या न्यायालयाच्या पानावर त्याचा उल्लेख असेलच असे नाही. गुन्हा कबूल केलेल्याला फक्त शिक्षेच्या प्रमाणाविरुद्ध किंवा वैधतेविरुद्ध दाद मागता येते. उलट बाजूने, निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडितालाही आहे. त्याच्याही वर प्रकरण गेले असेल तर कोठे पाहायचे हे अलीकडे बदलले आहे : १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, तर रायगडची पूर्वीप्रमाणे मुंबईतच आहेत.